बाहेरची शिवण

छप्पन साली दापोडी स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. म्हातारीनं पिशवीतून एक अंगडं काढून तरुणीच्या मांडीवर ठेवलं.

“ताजूमावशी, हे उलटं शिवलंय जणू. शिवण बाहेर आलीय.”

“बाहेरच ठेवायची. आत ठेवली तर लेकराला टोचती.”

“बाहीत माझा अंगठाबी जात न्हाई.”

“तुझा भाचा केवढा हाय?”

“सातव्या महिन्यात झालाय. कापसात गुंडाळून ठेवलाय. आत्या म्हणून मीच शिवणार व्हते, पर आई म्हणली, नवं घालायचं न्हाई.”

“बरोबर म्हणली. जगलेल्या लेकराचं मागून न्यायचं. हे माझ्या जुन्या लुगड्याचं हाय, हातानं शिवलेलं. माझा कादरबी सातव्यातलाच.”

“ह्यात मावत व्हता?”

“ढिलं व्हायचं.”

“आता कुठं असतो?”

“त्यो काय समोर, फलाटावर, दोन पोती पाठीवर घेतलेला.”

“त्यो?”

“व्हय. घरात येताना दारात वाकावं लागतं त्याला.”

तरुणी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं अंगडं दोन्ही हातांनी उचललं.

“मावशी, हे परत कधी आणून देऊ?”

“भाचा दारात वाकायला लागला, की दे.”