पाचव्या मजल्यावरची शू

…आणि वर ही शेजारीण मलाच म्हणते कशी, "तेहूच्या आई, तुम्हाला बघितलं की त्याला आनंद होतो हो!" आनंद? अहो, दीड किलोचं कुत्रं, ओंजळीत मावेल एवढं, आणि त्याचा आनंद लिफ्टच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत वाहत गेलेला! तुम्हाला सांगते, मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण माझं दार पाचशे चार, हान बाईंचं पाचशे पाच, मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्या बोलणाऱ्या कुकरने 'भात तयार आहे' म्हटलं की मी उठून माझा कुकर उघडते. आता कानात बोळे घालून राहू का?

हान बाई एकटीच. जन्मभर देगूच्या बाजारात शिवणकाम केलं, मुलगी लग्न होऊन उल्सानला गेली आणि जाताना आईच्या मांडीवर हा माल्टीज जातीचा कुत्रा ठेवून गेली. पांढराशुभ्र, कापसाचा बोळा. नाव कोंगी, म्हणजे सोयाबीनचा दाणा. बरं, ही स्वतःला त्याची आई म्हणवते. "ये आईकडे, जा मावशीकडे…" मावशी कोण? मी! छप्पन्न वर्षांची होऊन मी कुत्र्याची मावशी झाले, आणि मला विचारलं कुणी?

न्हाणीघराशी पॅड अंथरून त्याला तिथेच लघवी करायला शिकवते म्हणे. काय शिकवते देव जाणे, रोज सकाळी भिंतीतून नुसतं सूंऽऽ सूंऽऽ ऐकू येतं, मला वाटायचं बाईचा कुकर गळतोय. आणि त्या पॅडवर थेंब पडेल तर शपथ! लिफ्टमध्ये मला बघून भुंकलं, मी म्हटलं शूऽऽ, गप्प बस… झालं, पाणीच पाणी. दारात माझ्या नव्या सपाता काढलेल्या, पुन्हा भुंकलं, पुन्हा मी शूऽऽ केलं… डावी सपात गेली. उजवी कोरडी. एका सपातेचं काय करू, सांगा?

तरी मी गप्प बसले. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मिरच्या? बहिणीने गावाहून पाठवलेल्या, यंदाच्या किमचीच्या लोणच्यासाठी, व्हरांड्यात पांढऱ्या चादरीवर घातलेल्या… आठ दिवस एकेक मिरची फडक्याने पुसून, ऊन सरकेल तशी चादर सरकवून! ते आलं, भुंकलं. मी ओठावर बोट ठेवून शूऽऽ म्हटलं मात्र, ते चालत मिरच्यांच्या मधोमध गेलं आणि बसलं. माझ्या डोळ्यांत डोळे घालून!

मग मात्र मी गेले को साहेबांकडे. आमच्या इमारतीचे अध्यक्ष. मी काही केलं नाही हां, कुत्रं इमारतीतून हलवा असा एक अर्ज लिहिला आणि तेवीस घरांच्या सह्या घेतल्या, एवढंच. को साहेब म्हणाले, शनिवारी दुपारी बैठकीत ठरवू. ठरलं असतं तर कोंगी दूर चोंगदो गावाला, हान बाईच्या दिराच्या पर्सिमनच्या फळबागेत, फाटकाला साखळीने बांधलेला. बाई चार दिवस जेवली नाही. मला कसं कळलं? कुकर बोलला नाही ना तिचा.

शनिवारी सगळे इमारतीतल्या म्हाताऱ्यांच्या विरंगुळ्याच्या खोलीत, खालून तापवलेल्या फरशीवर बसलेले, मध्ये भाजलेली रताळी, रताळ्यांशेजारी माझा अर्ज. हान बाई कोपऱ्यात, मांडीवर तो. सगळे एकदम बोलतायत, को साहेबांचं कुणी ऐकेना. शेवटी मीच उभी राहिले आणि खणखणीत म्हटलं, "शूऽऽऽ!"

सगळे चिडीचूप. त्या शांततेत तो मांडीवरून उतरला, तुरुतुरु आला, माझ्या अर्जावर चढला आणि तेवीसच्या तेवीस सह्या भिजवल्या. वर शेपूट हलवत माझ्याकडे बघत राहिला, खाऊ मिळेल म्हणून.

हान बाई हळूच म्हणाली, "मी घरी हेच म्हणते त्याला. पॅडवर उभं करून, शूऽऽ. महिना झाला, माझं ऐकतच नाही."

"मग ऐकतो कुणाचं?" को साहेब म्हणाले.

बाई माझ्याकडे बघायला लागली. मग सगळेच बघायला लागले.

"म्हणजे लिफ्टमध्येही तुम्हीच…"

"आणि मिरच्या?"

तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी रताळं सोलता सोलता म्हणाली, "कुत्र्याला कशाला पाठवताय, हिलाच पाठवा चोंगदोला. साखळी तयारच आहे."

आता काय सांगू तुम्हाला… रोज सकाळी सातला भिंतीवर टकटक होते. मी जाते, सपाता उंच फळीवर ठेवते, न्हाणीघरापुढे उकिडवी बसते आणि शूऽऽ म्हणते. तो करतो. पॅडवर, मधोमध. एकदा चुकला नाही. माझ्या तेहूला शिकायला तीन वर्षं लागली होती! बाई मला तांदळाची गोड पेज देते वाटीभर, आणि तिचा कुकर बोलतो पुन्हा.

मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात… हसताय काय? हसा. तुम्हाला गप्प करायचीही सोय राहिली नाही मला. तोंडातून शब्द निघायचा अवकाश, पलीकडे त्याला ऐकू जातं.