देवाला पडदा, निवृत्तीला झोत

मंडळी, ऐका! दिवा लावणं पुण्य — हे शेंबडं पोरही सांगेल. पण दिवा मालवणं? ते पाप की पुण्य? ... बोला की! आरतीला तर छप्पर उडवता, आता दातखीळ बसली?

बरं, मीच सांगतो. पण आज गोड सांगणार नाही. आज मी चिडलोय!

आख्यान तुमच्याच गावचं. या मुरलीधराच्या देवळासमोर, रस्त्यापलीकडे निवृत्ती पोकळे राहतो. शाळेची गाडी चालवायचा. तुमचीच पोरं न्यायचा-आणायचा! गेल्या वर्षी आपले अध्यक्ष भगवंतराव यांनी नवस फेडला — आईच्या नावानं अखंड ज्योत. समईत? छे! दीपमाळेच्या टोकावर हा विजेचा झोत! हाच, तुमच्या डोक्यावरचा! एक तोंड देवळाकडे, दुसरं थेट निवृत्तीच्या खिडकीत. मालवायचा नाही. का? नावच अखंड!

आता जरा देहातलं ऐका. अंधार पडला की मेंदूतली एक इवलीशी गाठ मेलाटोनिन नावाचा रस रक्तात सोडते. रात्र झाल्याचा सांगावा तो! पेशीपेशीत पोचतो. तिथं काय चाललेलं असतं? जनुकांचे हुकूम! हुकमाची नक्कल घेऊन आरएनए निघतो, दवंडी पिटत — 'हे बनवा हो, ते बनवा!' पण सगळ्याच दवंड्या चालू राहिल्या तर? गोंधळ! म्हणून पेशीत दुसरे बारके आरएनए असतात, मायक्रोआरएनए. त्यांचं काम — दवंडीवाल्याच्या तोंडावर हात. 'गप!' आणि मेलाटोनिन या बारक्यांतल्या काहींना वाढवतं, काहींना कमी करतं. कुठली दवंडी थांबवायची, यात त्याचाही शब्द चालतो. कसा नि किती, ते शास्त्रज्ञ अजून शोधतायत. मी पदरचं घालणार नाही. पण एवढं पक्कं — रात्री डोळ्यांवर लख्ख उजेड आला की हा सांगावाच लंगडा पडतो! मग पेशीनं गप्प बसायचं कुणाच्या सांगण्यावरून? भगवंतरावांच्या?

निवृत्तीचा डोळा लागेना. गेला बिचारा भगवंतरावांकडे हात जोडून.

"तात्या, शेजारती झाली की तेवढा बंद करा. सकाळी गाडीत पोरं असतात."

"देवाचा उजेड टोचतो होय रे तुला? माझ्या आईची ज्योत मालवू?"

परत आला. खिडकीला घोंगडी टांगली. झालं! गावभर बोभाटा — 'देवासमोर काळं फडकं लावलं!' चौघे गेले आणि घोंगडी ओढून काढली. भक्त ना हो तुम्ही!

मग एका सकाळी गाडी चालवता चालवता त्याची मान पडली. गाडी कालव्याच्या कठड्यावर! पोरं वाचली. निवृत्तीचा पाय गुडघ्यापासून गेला. आणि तुम्ही काय म्हणालात? 'प्यायला असेल!' जीभ झडली नाही तुमची?

थांबा, खरा संताप पुढंच आहे. आज कीर्तनाआधी दर्शनाला गेलो. गाभाऱ्याच्या दाराला नवा पडदा — जाड, दुहेरी अस्तराचा. मी विचारलं, "पुजारीबुवा, हा कशाला?"

"महाराज, शेजारतीनंतर झोत देवाच्या तोंडावर येतो. झोप मोडते देवाची. भगवंतरावांनीच शिवून दिला."

ऐकलंत? कळत होतं! उजेडानं झोप मोडते, हे यांना कळत होतं! देवाला पडदा — आणि माणसाची घोंगडी ओढता? अहो, गाभाऱ्यातला नंदादीप बघा. तोही अखंड! पण केवढा? वातीएवढा. देवाला तेवढा पुरतो, तुम्हाला पुरत नाही!

आता शेजारती व्हायची आहे. 'देवा, निजा' म्हणाल, गळा काढून म्हणाल. तो बघा, निवृत्ती खिडकीत बसलाय, कुबडी मांडीवर घेऊन. ऐकतोय सगळं. आणि घोंगडीला हात घालणारे चौघं? इथंच आहेत, माझ्या मागं टाळ धरून! खाली ठेवा ते टाळ!

भगवंतराव, उठा. झोताचा खटका तुमच्या हातानं बंद करा. तोवर पुढचं पद नाही, शेजारती नाही. आज देव तुमच्या पडद्याआड निजणार नाही — आधी निवृत्ती निजेल, मग देव!

हा बसलो मी.