सारवलेलं गॅरेज

पाहुणचारापायी माझी पीएचडी बुडायची वेळ आली होती, ते सांगितलं का मी तुम्हाला?

हातखंब्याला दत्तूभाऊंचं गॅरेज आहे. वर्षानुवर्षं जळकं ऑइल सांडून तिथली जमीन डांबरासारखी काळी झालेली. मला तीच माती हवी होती, कारण ऑइलमधली बेंझिनसारखी विषारी द्रव्यं खाणारे जिवाणू असल्याच मातीत सापडतात. मी फोन केला, "भाऊ, उद्या माती न्यायला येते हां."

गेले तर काय! सगळीकडे तांबडी माती चोपलेली, वर शेणाचं सारवण, दारात रांगोळी.

"हे काय ओ भाऊ?"

"कॉलेजातल्या मॅडम यायच्या म्हणून हिने सगळी जमीन सारवलीन. न्या आता हवी तेवढी माती, एकदम स्वच्छ!"

मी घाईघाईने विचारलं, "आणि ती काळी?"

"ती खरवडून टाकली मागे, फणसाखाली."

मी धावले. ढीग शाबूत होता. चार बाटल्या भरल्या आणि वहिनींच्या हातची घावनं खाऊन खुशीत परतले.

दोन महिन्यांनी मीच फोन केला. "भाऊ, तुमच्या त्या ढिगात कितीतरी जातींचे जिवाणू निघाले! खाणं एकच, पण ते पचवायची जनुकं प्रत्येकाची वेगळी. ढीग जपा, मला अजून माती लागणार आहे."

मग भाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, फोन स्पीकरवर होता. ही शेणाचं घमेलं घेऊन फणसाकडे निघालीसुद्धा."