रुसून आलेली देवी

देवीच्या दर्शनाची रांग खांबापाशी अडली, तसे शिंपीणबाईचे कान पुढच्या नणंद-भावजयीकडे लागले.

“वहिनी, ही देवी डोंगरावर एकटीच कशी?”

“नवऱ्यावर रुसून आली. मागोमाग देव आला, समजूत घालायला.”

“मग?”

“मग काय, राग निवळला आणि गेली त्याच्याबरोबर. बाईनं ताणायचं तरी किती?”

“मागच्या वर्षी आईला सांगताना तर देव हात हलवत परत गेला होता.”

“तेव्हा मला अर्धीच गोष्ट माहीत होती.”

“उरलेली कुणी सांगितली?”

“इथल्या पुजाऱ्यांनी.”

“आपण तर आत्ता येतोय. पुजारी कधी भेटले तुम्हाला?”

“वकिलासारखी उलटतपासणी नको घेऊस. चल, रांग सरकली.”

“दादा गाडी लावायला गेला तो अजून आला नाही. तुम्ही सारखा फोन बघताय.”

“कुणी ओळखीचं भेटलं असेल त्याला.”

“ह्यांना बोलावलंय ना तुम्ही?”

“नुसतं बोलायचंय त्यांना तुझ्याशी. खाली थांबलेत.”

“नुसतं बोलायला माझी बॅग भरून गाडीत ठेवलीत?”

“देवाच्या दारात आवाज चढवू नये.”

नणंदेचा आवाज चढलेला नव्हताच. दोघी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आल्या. मागे शिंपीणबाई हातातली फुलं सावरत आणखी पुढे सरकली.

“वहिनी, देवी त्याच्याबरोबर गेली म्हणालात ना?”

“किती वेळा सांगू? गेली.”

“मग ही आत कोण बसलीय?”