बाकावरून उठलेली पोरं

विचुंबेचे गावकरी, पनवेलचे खेळाडू, आणि भोईर वहिनी,

इतकी माणसं पाहून धीर यायला हवा. मला येत नाहीये. भोईर सरांबद्दल बोलायचं आणि त्या संध्याकाळबद्दल बोलायचं नाही, हे मला जमणार नाही. तुम्हाला जड जाईल. मलाही जातंय.

मी स्मिता, बास्केटबॉलची पंच. सरांच्याच हाताखाली शिकले. गेल्या रविवारी सुकापूरच्या मैदानावर उपांत्य सामन्याला आम्ही दोघं पंच होतो.

शिकवताना सर म्हणायचे, "दोघांची मारामारी मिटते गं. बाकावरची पोरं उठली, की मग कुणाच्या हातात राहत नाय." नियम आहेच तसा. मारणारा बाहेर. उलट मारणारा बाहेर. आणि मारामारी पेटल्यावर बाकावरून उठून मैदानात आलेला प्रत्येक जण बाहेर. त्यानं हात उचलला का, हे बघायचंच नाही. सोडवायला कोचनं यायचं. बाकीच्यांनी बसायचं.

आपण म्हणतो, पोरं आहेत, रक्त गरम असतं. सर असं कधीच म्हणाले नाहीत.

त्या दिवशी उडी मारताना एकाचं कोपर दुसऱ्याच्या तोंडावर बसलं. दुसऱ्यानं ठोसा मारला. सरांची शिट्टी वाजली आणि यजमान सुकापूरची बाकावरची पोरं मैदानात घुसली. मी बाजूला उभी राहून त्यांचे नंबर पाहत होते. अशा वेळी दुसऱ्या पंचाचं तेच काम. सरांनी भांडणाऱ्या दोघांना काढलं. मग बाकावरून आलेल्यांना, एकेकाचा नंबर पुकारून.

आयोजक आले. "सर, पोरं सोडवायला आली होती. जरा समजून घ्या."

"आली असतील," सर म्हणाले. "तरी बाहेर. आज सोडवायला आली, उद्या कशाला येतील, मला ठाव नाय."

 

उरलेल्या खेळाडूंच्या जोरावर यजमान जिंकले. सर स्कूटर काढायला मैदानामागच्या गल्लीत गेले. मी बूट बदलत होते. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावले, तर सर गटाराच्या कडेला पडले होते, डोक्यातून रक्त येत होतं. गल्लीत माणसं होती. सगळे एकच सांगत होते, पाय घसरला. पोलिसांनाही तेच सांगितलं. गल्ली कोरडी होती हो. सर परत शुद्धीवर आले नाहीत.

परवा आयोजकांचा फोन आला. "मॅडम, फायनलला तुम्हीच या. त्या पोरांचं काय, अहवालात साधी बाचाबाची होती म्हणू, म्हणजे ती फायनल खेळतील. सर तर आता नाहीत."

मी म्हटलं, "मी होते ना."

बाकावरून उठलेले बाहेरच राहतील. हे सगळ्यांसमोर सांगतेय, कारण त्यांतले काही जण आत्ता मागे, मंडपाच्या खांबाशी उभे आहेत. काल माझ्या इमारतीखालीही उभे होते.  नुसते वर बघत होते.

मी फायनलला येणार आहे. माझ्यासोबत दुसरा पंच कोण, अजून कुणी हो म्हटलेलं नाही.

आता आपण उभे राहूया. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. या शांततेत त्या गल्लीतलं ज्याला जे आठवेल, ते त्यानं वहिनींना येऊन सांगावं. त्यांनी अजून दाराला कडी लावलेली नाही.

सर, नमस्कार.