अकरा मिनिटांचं घोडं

हॅलो?… कोण, सोम्या?… अरे बोल की, अक्काच हाय मी. आवाज का बसलाय तुजा?… जेवलास का?… दुपारचे चार वाजले की रे!… बरं बरं, न्हाय इचारत.

व्हय, आलाव की सोलापूरहून, काल सांजच्यालाच. कृष्णराजच्या जीपमदी अकरा माणसं कोंबून गेलो होतो. तू काढलेला पिच्चर म्हणल्यावर मागं कोण ऱ्हातंय?… बघितला. पुरा बघितला… कसा म्हणजे?… अरे, आदी गाववाल्यांचं तर ऐक.

नागप्पा मामा म्हणतेत, असला पिच्चर मराठीत कुणी काढलाच न्हाय. घोडी, बंदुका, एवढं मोठं आभाळ, भाच्यानं नाव काढलं म्हणतेत. आन त्यांचा जावई, वीरप्पा, म्हणतो एवढ्या कोटीत आख्ख्या तालुक्याला एकेक घोडं आलं असतं… हसू नको, लई भांडले रे. येताना चहाला गाडी थांबली तर सासरा-जावई दोन टपऱ्यांवर! एकमेकाकडं पाठ करून चहा पिले… हुतंय रे गोड, तू नको मनाला लावून घेऊ.

माजं?… मला काय कळतंय त्यातलं… सोम्या, शपथ घालू नको… बरं. ऐक मग.

मला न्हाय आवडला.

…हॅलो?… आता तूच म्हणलास ना, खरं सांग? अरे, साडेतीन तास माणसं नुसती घोड्यावर! कुणी चूल पेटवली न्हाय, कुणी भाकरीचा तुकडा मोडला न्हाय. नवरा बारा वर्सांनी दारात उभा, आन ती बाई त्याला पाणीबी इचारीना… वेस्टर्न आसलं म्हणून काय झालं? वेस्टर्नमदी तहान लागत न्हाय व्हय?… हां, हसलास. आस्सं. आन पडद्यावर तुजं नाव आलं तवा शेजारच्या बाईचा हात गच्च धरला मी. ओळख ना पाळख. माजा भाऊ हाय म्हणलं, आन रडलेच.

काय?… कापायचंय? कुणी सांगितलं?… आजच्या आज?… चाळीस मिनिटं! अरे, मग ऱ्हातंय काय?… हां… हां… ते माळावरनं पांढरं घोडं चालत येतंय, ते सगळंच?… अकरा मिनिटं हाय व्हय ते? मला तर तासभर वाटलं… चेष्टा केली रे!

काय म्हणतोस?… सोलापुरात हुल्लड झाली म्हणून कुणी सांगितलं तुला?… पडद्यावर कायतरी फेकलं?… आन तात्या उठून गेले?… अरे देवा. आपला बाप उठून गेला म्हणून जेवण सुटलंय व्हय तुजं? थांब. गप. आदी माजं ऐक… अरे ऐक ना!

हुल्लड न्हवती ती. भंडारा होता… आपला भंडारा रे, हळदीचा! ते पांढरं घोडं माळावर आलं का न्हाय, उन्हात पिवळी धूळ उडाली, आन मामानं 'येळकोट येळकोट' म्हणून आरोळीच ठोकली. मग आमी गप बसतो व्हय? 'जय मल्हार' म्हणून कनवटीला, पिशवीत होता नव्हता तेवढा उधळला… अरे, घोड्यावरचा माणूस दरोडेखोर हाय ते शेवटी कळलं! पांढरं घोडं, पिवळी धूळ, आन बघणारी अणदूरची माणसं. खंडोबा सोडून दुसरं कोण येणार?… उधळला की, वीरप्पानंबी उधळला! थेटरवाला लई बोंबलला. शेवटी मी आन वीरप्पाच्या बायकोनं, शिवरंजनीनं, त्याच्याकडनंच झाडू मागून घेतला, चार रांगा झाडून दिल्या.

आन तात्या… उठले, ते खरं हाय. पण गेले न्हाईत. अरे, आपल्या देवळातला खंडोबा सध्या नळदुर्गच्या देवळात ऱ्हायला गेलाय, दरसालासारखा. देव तिकडं गेला की त्यांना करमत न्हाय, तुला ठावं हाय. रोज रिकाम्या गाभाऱ्याम्होरं जाऊन येतेत. आन इथं एकाएकी घोडं म्होरं आलं. खुर्चीवर बसून कसं बघतील? उठले, चपला काढल्या, दाराजवळ जाऊन हात जोडून उभे ऱ्हायले. पार शेवटपत्तुर. मी दोनदा बसा म्हणायला गेले तर हात झटकला माजा… गुडघे? दुखणारच की. आत्ता तेल चोळून दिलं. धोतर भिजू घातलंय, हळद काय निघंना.

न्हाय रे. काय बोलले न्हाईत. गाडीत न्हाय, घरी न्हाय… मास्तरकी सोडलीस त्याचा राग अजून हाय का, ते मला काय ठावं? चार वर्सं झाली, तू इचारलं न्हाईस, त्यांनी सांगितलं न्हाय, आन मी आपली मदी… आता रे?… मला भ्या वाटतंय सोम्या… बरं. बरं, इचारते. धर फोन.

तात्या! ओ तात्या! सोमेशचा फोन हाय. मुंबईचे सायेब म्हणतेत, लांबलाय, घोड्याचं कापून टाक. कापू का म्हणून इचारतोय…

सोम्या, मान हलवायलेत… अवो, फोनात मान दिसती व्हय? तोंडानं सांगा की!…

…ऐकलंस का?… न्हाय आलं ऐकू? हळू बोलले… सांगते की, थांब जरा… म्हणले, 'घोडं लई लवकर गेलं.'… व्हय रे, तेच. अकरा मिनिटांचंच. लवकर गेलं म्हणले.

सोम्या?… हॅलो?… न्हाय तात्या, कट न्हाय झाला. लाईनीवर हाय अजून. घ्या, तुमीच धरा… उलटा न्हाय, असा, कानाला. बोला त्याच्यासंग. मी चहा टाकते.