उडीच्या आधी

सन्माननीय अध्यक्ष, आमचे उडी-प्रशिक्षक सर, व्यासपीठावरील मान्यवर, पॅराशूट विभागातील भगिनी-बंधूंनो, आणि पहिल्या रांगेत डोळे वटारून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या सौभाग्यवती,

बायकोच्या निरोप समारंभात नवऱ्याच्या हाती माईक देणं धोक्याचं. त्यातून नवरा इंग्रजीचा निवृत्त मास्तर! तेव्हा थोडी शिकवणी सोसावी लागेल.

‘प्रिपेअर’ हे क्रियापद मी जन्मभर शिकवलं. मूळ लॅटिन. ‘प्रे’ म्हणजे आधी, ‘परारे’ म्हणजे सज्ज करणे. त्याच धातूपासून ‘रिपेअर’, म्हणजे पुन्हा सज्ज करणे. पुढे त्याला ‘वाचवणे’ हाही अर्थ चिकटला, तोच ‘पॅराशूट’मधला ‘पॅरा’. म्हणजे मी शब्द शिकवून आणि ही पॅराशूट बांधून, आम्ही दोघं एकाच धातूवर पोट भरत होतो की! (ही खुणावते आहे, आवरतं घ्या. घेतो.)

मुलांना ‘सज्ज करणे’ पटकन कळतं. जड जातं ते ‘आधी’. संकट दिसल्यावर कोण धावत नाही? पण कुणासाठी, केव्हा, काही ठाऊक नसताना लांबलचक टेबलावर एकेक दोरी सरळ करत बसायचं, याला काय म्हणावं?

काही वर्षांपूर्वी आमच्या लेकीची पहिली उडी होती. मांडणीवरून ओळीने येईल ते पॅराशूट घ्यायचं, हा इथला नियम. तिच्या वाट्याला आलं ते विभागातल्या तेव्हाच्या सगळ्यात नव्या मुलीने बांधलेलं. मी वळून हिच्याकडे बघितलं. अध्यक्ष महाराज, आपणही हळूच म्हणालात, “ताई, आजच्यापुरतं तुमच्या हातचं देऊ का?”

ही म्हणाली, “सर, तिला मी शिकवलंय, तिची घडी मी तपासलीय. त्यावर माझी लेक उडी मारणार नसेल, तर दुसऱ्याच्या लेकीला ते कुठल्या तोंडाने देऊ?”

लेकीने पट्टे आवळले आणि गेली. ही खाली मान घालून पुढचं पॅराशूट बांधत राहिली. वर बघत होतो मी आणि ती नवी मुलगी, एकमेकांचा हात घट्ट धरून. आकाशात कापड उघडलं, तशी ती ओक्साबोक्शी रडली. उद्यापासून त्या टेबलाची प्रमुख तीच आहे. आमची लेक तिच्या शेजारीच बसली आहे, धडधाकट, आईसारखेच डोळे वटारून.

घरी सांगायला गेलो तर ‘चहा गार होतोय’ म्हणेल, म्हणून भर सभेत सांगतो: मला हिचा अभिमान आहे. फार आहे.

संयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घ्या. भाषणात तेवढी सवलत असते. हिच्या कामात ती कधीच नव्हती, आणि हिला ती कधी लागलीही नाही.